शेवटचं कधी पाहिलं

३ फेब्रुवारी, सोमवार

वहिनीला लग्न करायचंय.

मी बेसच्या तारा बदलत बसले होते. ती समोरच्या खुर्चीत चष्मा पुसत होती – पुसलेलाच पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, चष्मेवाल्याशी. मी म्हटलं, कोण चष्मेवाला? जणू मला माहीतच नाही! गेली बारा वर्षं तो तिचा नंबर बदलतोय, आता आडनाव बदलायचं म्हणतोय. भला माणूस आहे. आईच्या शेवटच्या आजारात घरी येऊन तिचा चष्मा नीट करून गेला होता, आणि तिला आता वाचवत नाही हे कळल्यावर तासभर तिला पेपर वाचून दाखवत बसला होता.

वहिनी त्रेपन्न वर्षांची आहे. लाजली. मला इतकं बरं वाटलं – आणि लगेच हातातली तार खाली ठेवली.

कारण तिने लग्न करायचं तर दादा मेला पाहिजे. कागदावर. कायद्याला सात वर्षं बेपत्ता असणं पुरतं, दादाला सव्वीस झाली. आई असेपर्यंत हा विषय काढायची कोणाची छाती नव्हती. "मी बसलेय तोवर माझ्या मुलाला कोणी मारायचं नाही," असं ठणकावून सांगायची. मागच्या वर्षी ती गेली. आता वाट मोकळी.

वकीलबाईंनी छापील अर्ज दिलाय. ज्याने शेवटचं पाहिलं त्याचा जबाब लागतो. म्हणजे माझा. प्रश्न चौथा: बेपत्ता व्यक्तीस शेवटचे कधी, कोठे व कोणत्या परिस्थितीत पाहिले? खाली तीन रिकाम्या ओळी.

तीन!

वहिनी जाताना म्हणाली, तुला जमेल तसं लिही, घाई नाही. सव्वीस वर्षांत तिने मला त्या दिवसाबद्दल एकदाही काही विचारलेलं नाही. आईने हजारदा विचारलं. पोलिसांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं, भाची दहावीत असताना तिनेही एकदा विचारलं – आत्या, बाबा कसे गेले? वहिनीने कधीच नाही. तिचं मोठेपण. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

५ फेब्रुवारी, बुधवार

तालीम. बँड पुन्हा एकत्र आलाय – वीस वर्षांनी, तेच तिघे. मी, गवई आणि लंबू. गायकाला आम्ही पहिल्या दिवसापासून गवईच म्हणतो. तेव्हा चिडवायला म्हणायचो, आता आदराने म्हणावं लागतं. लंबू गिटार वाजवतो आणि पाठीला पट्टा बांधतो. ड्रमवर नवा माणूस आहे, तिशीतला. मी त्याला घड्याळ म्हणते. कानात टिकटिक लावून वाजवतो, केसभर हलत नाही.

तिसऱ्या गाण्यात गवईने हात वर करून थांबवलं. "तू मागे पडतेयस."

पडतच होते. पूर्वी ड्रमवर दादा असायचा, मी त्याच्या पायाबरोबर वाजवायला शिकले. त्याचा पाय ठोक्याच्या किंचित मागे पडायचा. ती चूक नव्हती, त्याची चालच तशी. मी माझा सूर त्याच्या पायावर ठेवायचे, आणि आमचं गाणं आरामखुर्चीत बसल्यासारखं चालायचं. बँड मोडल्यावर वीस वर्षं स्टुडिओत त्याच सवयीवर पोट भरलं. 'बाई, तुमचा तो रेंगाळणारा बेस पाहिजे,' असं सांगून बोलवायचे. टॉनिकची जाहिरात असो, रडका सिनेमा असो. मी रेंगाळायचे.

घड्याळापुढे रेंगाळून चालत नाही.

संध्याकाळी मॅनेजरने दौऱ्याची यादी वाटली. अकरा गावं. सातवं – दादा जिथून गेला ते गाव. तोच हॉल. मॅनेजर तेव्हा शाळेत असेल, त्याचा काय दोष? गवईने यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याची बाटली उघडली.

 

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. बेपत्ता व्यक्तीशी नाते: सख्खा भाऊ. उरकलं.

पण उरकत नाही. दिवसभर टायरच्या गोदामाचा वास येत होता. दादाच्या मित्राच्या वडिलांचं गोदाम होतं ते. वर माळ्यावर हे चौघे वाजवायचे. बेसवाल्याला नोकरी लागली आणि तो निघून गेला. दुसरा कोणी बेस घ्यायला तयार होईना. सगळ्यांना पुढे उभं राहायचं होतं. दादा घरी येऊन मला म्हणाला, बारके, चारच तारा आहेत, गिटारवाल्याला सहा सांभाळाव्या लागतात. मी सोळाची, तो एकोणीसचा. बेस उचलून घरी आणला तर बाबा म्हणाले, हे वाजवतात की वाहतात?

दादाने मला एकच गोष्ट शिकवली. माझ्या हातांकडे बघू नकोस, हात खोटं बोलतात. पायाकडे बघ. मोठ्या ड्रमच्या पेडलवर त्याचा उजवा पाय असायचा. दहा वर्षं मी त्या पायाकडे बघत उभी राहिले. लोक विचारतात, स्टेजवर कसं वाटायचं, समोर एवढी गर्दी! मी गर्दी पाहिलीच नाही कधी. मी बुटाची टाच पाहिली.

कॉलेजचे हॉल केले. हॉटेलं केली – लोक जेवताना वाजवायचं, आणि चमच्यांच्या आवाजाहून मोठं नाही. पहिली रेकॉर्ड कोणी घेतली नाही. दुसरीतलं एक गाणं माझ्या एकटीच्या बेसने सुरू होतं आणि तेच चाललं. बसस्टॉपवर एक माणूस ते गुणगुणत होता. बेस गुणगुणत होता! मी घरी येऊन दादाला सांगितलं तर त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. पेपरात फोटो आला तेव्हा चौघांतली मी अर्धीच, चौकटीबाहेर कापलेली. दादाने तो कापून फ्रिजवर चिकटवला. म्हणाला, कोपर झकास आलंय तुझं.

अशा माणसाला –

झोपते.

१० फेब्रुवारी, सोमवार

चौथा प्रश्न कोरा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वकीलबाईंचा फोन. शोध घेण्यासाठी काय काय केलं ते लिहा म्हणाल्या, तारखांसकट. त्या भराभर बोलतात, पण वाईट नाहीत. "तुम्हाला त्रास होतोय ना?" असं मध्येच विचारून उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या.

लिहिलं. तीन पेपरांत जाहिराती, फोटोसकट. दोन वेळा शवागारात ओळख पटवायला गेले. दोन्ही वेळा मीच. आईला नेणं शक्य नव्हतं, आणि वहिनी म्हणाली, मला नाही जमणार. तिला कोण दोष देणार? कडेवर दोन वर्षांची पोर होती.

पहिला माणूस तिसऱ्या महिन्यात. तिथल्या कर्मचाऱ्याने चेहऱ्यावरचं कापड काढायला हात घातला तर मी म्हटलं, चेहरा नको, पाय दाखवा. तो माझ्याकडे बघतच राहिला. दादाच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं, ड्रमचा लोखंडी स्टँड पडून मेलेलं. या माणसाचे पाय स्वच्छ होते. नखं नुकतीच कापलेली. कोणीतरी याचीही वाट बघत असेल, असं वाटलं, आणि तरी मी आनंदाने बाहेर आले. आनंदाने! बाकावर बसून हसले.

दुसरा माणूस दीड वर्षाने. त्याचे पाय ओळखण्यासारखे उरले नव्हते. दात वेगळे निघाले, एवढं कळलं. तेव्हा हसू आलं नाही.

त्यानंतर पायच दिसतात. रांगेत, दवाखान्यात, लिफ्टमध्ये. वर चेहरा बघायच्या आधी मी खाली बघते.

१६ फेब्रुवारी, रविवार

पायाचं लिहायला हवं. कुठल्याच प्रश्नात बसत नाही म्हणून इथे.

जायच्या दोन वर्षं आधी दादाचा उजवा पाय ऐकेनासा झाला. चालताना ठीक. जिना चढताना ठीक. पेडलवर ठेवला की आकडून जायचा, नाहीतर एकाऐवजी दोन ठोके टाकायचा. तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला शिरेचं, एक म्हणाला मनाचं, तिसरा म्हणाला वर्षभर वाजवू नका. दादा घरी येऊन म्हणाला, तो डॉक्टर वेडा आहे.

बँडमध्ये फक्त मला माहीत होतं. त्याने मला सांगू नकोस म्हटलं नाही, मी आपणहून कोणाला सांगितलं नाही. त्याचा ठोका चुकणार हे मला त्याच्या खांद्यावरून आधी कळायचं, मग मी त्या जागी माझा सूर जोरात ठोकायचे. लोकांना वाटायचं, काय ताकदीचं वाजवते ही. दोन वर्षं मी दोघांचं वाजवलं. मनगट सुजायचं. डावा खांदा तेव्हाच उतरला, आता शिंपी दरवेळी विचारतो, बाई, माप बरोबर घेतलं ना?

मग गवईला कळलं. त्यालाही कान आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दौरा सुरू. चौथं गाव. लोक येतात, टक्कल पडलेले, पोट सुटलेले, मुलांना घेऊन. ते गाणं सुरू केलं की पहिल्या सुराला ओरडतात.

दुसऱ्या गावापासून एक होतंय. घड्याळाचा ठोका पडतो, आणि त्याच्या मागून, किंचित मागून, आणखी एक पडतो. मी त्या दुसऱ्यावर वाजवते. साउंडवाल्याला विचारलं, हॉल घुमतोय का? तो म्हणाला नाही. आज पुन्हा विचारलं, तर माझ्या कानाला लावायच्या मशीनची जाहिरात दाखवायला लागला. हसायला हवं होतं.

कार्यक्रम संपल्यावर घड्याळ जवळ आला. भित्रा आहे, माझ्याशी बोलताना उगाच काड्या फिरवतो. म्हणाला, ताई, माझं काही चुकतं का? तुम्ही सारख्या माझ्या पायाकडे बघता.

मी म्हटलं, बूट छान आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा. हॉटेलची खोली. काल ते गाव झालं. आता लिहिते.

हॉल तसाच आहे. रंग वेगळा, खुर्च्या नव्या. साउंड चेक चारला होता. सगळे आत गेले आणि मी मागच्या बाजूला गेले, सामान चढवायच्या दाराशी. लोखंडी सरकतं दार, बाहेर सिमेंटच्या चार पायऱ्या. पाय आपोआप दुसऱ्या पायरीवर थांबले. मी तिथेच उभी होते तेव्हा. तो खालच्या.

पायरीवर एक म्हातारा रखवालदार सुपारी कातरत बसला होता. मला बघून उठला. "तुम्ही बेसवाल्या ना? तुमचा तो माणूस सापडला का मग?"

मी म्हटलं, कोण माणूस? 

त्याने शांतपणे सांगितलं. त्या दिवशीही तो इथेच ड्यूटीवर होता, तेव्हा नवा होता. एक माणूस या पायऱ्यांवर येऊन बसला. चार-साडेचारला बसला तो अंधार पडेपर्यंत. सातला आत गाणी सुरू झाली. रखवालदाराला दया आली. म्हणाला, तिकीट नसलं तरी सोडतो, आत जाऊन ऐक. तर तो म्हणाला, "नको. इथून बेस छान ऐकू येतो. माझी बहीण वाजवतेय."

भिंतीतून बेसच येतो. बाकी काही येत नाही. हे खरं आहे.

आठ-दहा गाणी ऐकली. मग फोन कुठे करता येईल विचारलं. हा म्हणाला, स्टँडवर. तिकडे गेला. आठ वाजत आले असतील.

मी विचारलं, हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, पोलीस ऑफिसात येऊन गेले, माझ्याकडे नाही आले. आणि तुमचे गायक सगळ्यांना सांगत होते, आमचा माणूस दुपारी एकलाच गेला. मला वाटलं, मग हा बसलेला दुसरा कोणी असेल. बहिणी काय, सगळ्यांनाच असतात.

मी आत गेले. साउंड चेक केला. सातला वाजवलं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जीव तोडून वाजवलं. भिंतीकडे तोंड करून.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न चौथा. इथे आधी लिहून बघते.

तो एकला गेला नाही. चारला मी त्याला मागच्या दाराशी बोलावलं. तीन दिवस आधी गवई आणि लंबूने ठरवलं होतं की दुसरा ड्रमर घ्यायचा. मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. सोमवारी आम्ही त्या नव्या माणसाबरोबर गुपचूप वाजवूनही पाहिलं. त्या दिवशी तो हॉटेलात तयार बसलेला होता. दादाला सांगायचं कोणी? बहीण आहे, तीच सांगेल.

मी सांगितलं, आजपासून दुसरा वाजवेल.

त्याने विचारलं, कधी ठरलं? मी म्हटलं, सोमवारी. त्याने विचारलं, त्याच्याबरोबर वाजवून पाहिलंत? हो म्हटलं. तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. मग म्हणाला, "कसं वाटलं?"

दोन वर्षं मी त्याच्यासाठी खोटं वाजवलं होतं. आणखी एकदा खोटं बोलता आलं असतं. मनगट दुखत होतं. थकले होते. मी म्हटलं, "हलकं वाटलं."

त्याने मान हलवली. "जा आत. चेक चालू झाला असेल."

मी गेले.

दुसऱ्या दिवशी तो कुठेच नाही असं झाल्यावर पोलीस आले. गवईने सांगितलं, एकला जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही, म्हणून आम्ही ऐनवेळी ओळखीच्या माणसाला बसवलं. भांडण झालं, काढून टाकलं, हे पेपरात आलं असतं तर दौरा बुडाला असता. पोलिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच केलं. बेसवाले जन्मभर तेच करतात, कोणी पुढे गातो आणि आपण मागे मान हलवतो.

त्यांनी एक ते तीनमधल्या गाड्या तपासल्या. कंडक्टर विचारले, तिकिटं पाहिली. बरोबरच आहे, आम्ही त्यांना एक वाजता सांगितलं होतं ना. आठनंतरच्या गाड्यांकडे कोणी पाहिलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते, तीन तासांनी काय फरक पडतो. सात तास होते. तो तिथेच बसला होता, भिंतीपलीकडे. मी दार सरकवलं असतं तर दिसला असता.

फोन कोणाला केला असेल? आई त्या आठवड्यात मावशीकडे होती, तिथे फोन नव्हता. मला हॉटेलवर निरोप नव्हता. वहिनीने पोलिसांना तेव्हाच सांगितलं होतं – फोन नाही, पत्र नाही. केलाच नसेल. स्टँडवरचे फोन कधी चालू असतात?

तीन ओळींत बसत नाही. वकीलबाईंना म्हणावं, जोडपत्र लावते.

२ मार्च, रविवार

गवईला सांगितलं. शेवटच्या क्षणी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तो चिडला नाही. त्याचंच वाईट वाटलं. केस काळे करतो, मुळं पांढरी दिसत होती. म्हणाला, सव्वीस वर्षांनी कोणाचं भलं होणार आहे यातून? तुझ्या वहिनीला सही पाहिजे, इतिहास नकोय. ती बिचारी सुखाने लग्न करतेय, तिच्या पानात माती का कालवतेस?

त्याचं अगदीच चुकतं असं नाही. हेच तर वाईट आहे.

मी म्हटलं, मी तुझं नाव लिहिणार आहे, आणि माझंही. त्याने केसांतून हात फिरवला. मग म्हणाला, "त्याला काढा असं मी म्हणालो. पण हो तू पहिल्यांदा म्हणालीस. आठवतंय ना?"

आठवतंय. लंबूच्याही आधी.

उरलेल्या गावांना दुसरा बेसवाला घेणार आहेत. मी सोडलं की त्यांनी काढलं, सांगता येणार नाही. बेस पेटीत घालताना घड्याळ धावत आला. पेटी उचलून गाडीपर्यंत आणली. म्हणाला, ताई, तुमच्यामागे वाजवायला मी आत्ता कुठे शिकत होतो.

कोणाच्या मागे वाजवायचं असतं, हे याला कोणी शिकवलं?

५ मार्च, बुधवार

वहिनीच्या घरी गेले. वकीलबाईंकडे द्यायच्या आधी तिने वाचावं, असं ठरवलं होतं. चार पानं. स्वच्छ अक्षरात लिहिलेली.

चष्मेवाला होता. तो लगेच उठला, दुकान उघडायचंय म्हणाला. दुपारी तीन वाजता! समजूतदार माणूस.

ती खिडकीजवळ उभी राहून वाचत होती. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. दुसरं पान संपलं. तिसऱ्यावर – रखवालदाराचं होतं त्यावर – ती थांबली. परत पहिल्यापासून ते पान वाचलं. मला वाटलं, आता वळेल आणि बोलेल. मारेल, असंही वाटलं. मारायला हवं होतं.

तिने पानं घडी केली. विचारलं, "फोन विचारला होता, हे त्याला नक्की आठवतंय?"

मी म्हटलं, हो, म्हणाला तसं.

"बरं," म्हणाली. "मी बघते. तू जा आता."

मी काय समजायचं? 

८ मार्च, शनिवार

फोन नाही. मीही केला नाही.

१२ मार्च, बुधवार

वाण्याच्या दुकानात चष्मेवाला भेटला. पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. म्हणाला, त्या आठवडाभर भेटल्या नाहीत. दारापर्यंत येतात, बरं वाटत नाही म्हणतात. माझं काही चुकलं का, हे तुम्ही विचाराल का त्यांना?

मी म्हटलं, तुमचं नाही. माझं चुकलंय.

त्याने काय चुकलं ते विचारलं नाही. माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाला, नाकावर घसरतोय, दुकानात या, घट्ट करून देतो.  गवई खरं बोलला होता. दोन माणसं सुखाने म्हातारी होणार होती. मी चार पानं लिहिली, मला हलकं वाटावं म्हणून.

घरी आल्यावर बेस काढला. नुसता मांडीवर घेऊन बसले.

१६ मार्च, रविवार

सकाळी वहिनी आली. दारातच उभी. चपला काढल्या नाहीत.

म्हणाली, फोन मला केला होता.

आठ वाजून गेले होते. पोरीला तीन दिवस ताप, घरात एकटी. तो म्हणाला, बँड सुटला, घरी येतोय. दोन वर्षं घरी असला तरी पायाकडे बघत बसलेला असायचा, मी इकडे मरत होते, म्हणाली. "मी त्याला म्हटलं, आता घरी येऊ नकोस. तो बरं म्हणाला. मी फोन ठेवला. बस, एवढंच."

पोलिसांना भीतीने नाही म्हणाली. मग ते नाही तसंच राहिलं. "मी तुला विचारलं असतं, तर तू मला विचारलं असतंस."

मी तिला हाताला धरून आत घेतलं. तिच्या पिशवीत माझी चार पानं होती, आणि मागे जोडलेलं पाचवं, तिच्या अक्षरातलं. हे वकीलबाईंना द्यायचं की फाडून टाकायचं, असं ती मला विचारत होती.

मला!